माया

माझ्याकडे मापांची वही आहे.
नायगावातल्या निम्म्या पोरींच्या कमरा तिच्यात आहेत,
वजन मात्र एकीचंही नाही.
वजन संघवाले विचारतात, भाजीसारखं, किलोत.

परवा नार्वेकर आले, चौघडी घातलेलं पत्रक घेऊन.
"शॉर्ट गुडघ्याच्या वर सहा इंच. अंगाबरोबर. पांढरी.
कॅमेऱ्यात उठून दिसते."
मी विचारलं, काय उठून दिसतं?
ते म्हणाले, "संघ."

सत्त्याऐंशी साली हेच मंडळ होतं,
खुर्चीत ह्यांचे वडील.
तेव्हा ठरलं होतं सलवार, वर कुर्ता,
कुर्त्यावर ओढणी, तिरकी, दोन पिना लावून.
माणसं बघायला येतात, म्हणाले होते.
माणसं अजूनही येतात.
तेव्हा काय झाकायचं यावर बैठक भरायची,
आता काय दिसायचं यावर.
चहा तोच, टपरीवरचा.

प्रभादेवीच्या मैदानात शेवटची चढाई माझी होती.
दोघींना शिवून वळले
आणि कोपऱ्यातल्या पोरीच्या मुठीत
सलवारची मोहरी आली.
नाडी सुटली.
मध्यरेषा हातभर लांब.
एक हात पुढे टाकला,
एक कमरेला.

चषक दादरला गेला.
मंडळाची अब्रू राखलीस, म्हणाले सगळे,
आणि नारळ दिला.
तेव्हापासून मी फक्त कापड शिवते.

मृण्मयी घाग म्हणाली, "काकू, पांढरा नको."
"का बरं?" नार्वेकरांनी विचारलं.
नऊ पोरी खाली फरशीकडे बघू लागल्या.
माझ्या दुकानातली फरशी
इतकी काही बघण्यासारखी नाही.

ते गेल्यावर मृण्मयीच म्हणाली,
"आणि अजून आखूड करा. उडी घेताना मांडी मोकळी लागते मला."
शाहीन मुकादम तिच्याच बाटलीतलं पाणी पीत होती.
"मला घोट्यापर्यंत. घट्ट. कुणाच्या मुठीत येऊ नये अशी."
मग बाटलीचं झाकण लावता लावता,
"अम्मीने नाही सांगितलं हं. माझं मीच."

मंगळदास मार्केटात पांढरे तागे छतापर्यंत होते.
मी तिथूनच फोन लावला.
पांढरं संपलंय हो, नार्वेकर.
पिकल्या जांभळाचा रंग मिळतोय, गडद.
"सगळीकडे संपलं?"
सगळ्या मुंबईत.

मग एकेकीला उभं केलं.
कुठपर्यंत हवी? बोट ठेव.
आधी कुणालाच कळेना.
एकीने नार्वेकरांचं पत्रक बघितलं,
एकीने माझ्या तोंडाकडे.
मी खडू घेऊन गुडघ्यावर बसले होते, थांबले.
मग बोटं आली,
कुठे वर, कुठे खाली, एक तर दोनदा सरकलं.
जिथे बोट तिथे रेघ.
आणि आत दोन बोटं माया सोडली,
मन बदललं तर उसवता यावं म्हणून.
मन बदलतं.
माझंही बदललं असतं एखादवेळी,
कुणी विचारलं असतं तर.

सामन्याच्या दिवशी पंचबाईंनी टेप काढली.
माझ्यासारखीच, पिवळी, टोकाला पत्रा.
मृण्मयीच्या गुडघ्यापासून वर मोजलं,
शाहीनच्या घोट्यापाशी थांबल्या.
"हे कुणी शिवलं?"
मी दोरीमागून हात वर केला.
पाचशे रुपयांची पावती फाटली, नियमभंगाची.
ती मी वहीत लावून ठेवली आहे,
कमरांच्या पानावर.

शेवटून दुसरी चढाई शाहीनची.
बोनसला पाय टाकला, वळली,
आणि कोपऱ्यातून झेप आली थेट घोट्यावर.
बोटं कापडावरून घसरली, पुन्हा आवळली.
ती पडली, छातीवर,
आणि दोन्ही हात रेषेकडे.

शिट्टी वाजली.
पंचांचा हात कुठल्या बाजूला जातो
ते सगळं मैदान बघत होतं.
मी शिवण बघत होते.